ऑइल कूलर बसवलेल्या गाडीचं ऑइल बदलताना दर वेळी कूलरही रिकामा करायचा का? माझं मत: नाही

घाटवाटेवरचा

गाडी २००१ ची होंडा सिटी, १.५ व्हीटेक, १०६ बीएचपीवाली. पुढच्या बंपरमागे १३ ओळींचा ऑइल कूलर (ऑइल थंड करणारा छोटा रेडिएटर), ब्लॉक आणि फिल्टर यांच्यामध्ये थर्मोस्टॅटवाली सँडविच प्लेट (ऑइल तापलं की ते कूलरकडे वळवणारी) आणि दोन होज. कूलर बसवल्यापासून जो तो एकच सल्ला देतो: "नुसता चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट उघडून काय होतंय? कूलरमधलं काळं ऑइल तसंच राहतं. खरकट्या भांड्यात ताजी आमटी ओतल्यासारखं आहे ते." पुण्यातल्या गॅरेजवाल्यांचं निम्मं मत हेच आहे आणि होज सोडून कूलर साफ करायचे पैसे ते वेगळे लावतात.

मला हे पटत नाही. कारण सांगतो.

होजचा आतला व्यास साधारण १४ मिमी. म्हणजे मीटरभर होजमध्ये १५० मिलीच्या आसपास ऑइल. माझे दोन्ही होज मिळून अडीच मीटर, आणि कूलरमध्ये जवळपास तेवढंच. एकूण पाऊण लिटर धरा. चेंबरमधून आणि फिल्टरमधून साडेतीन लिटर निघतं. म्हणजे सव्वाचार लिटरपैकी पाऊण लिटर जुनं उरतं, सुमारे १८ टक्के. आकडा ऐकून लोक दचकतात, पण हिशोब इथे संपत नाही. दोन सर्व्हिसच्या मधल्या काळात इंजिन ऑइलमध्ये ठरावीक घाण सोडतं: काजळी, पेट्रोलचा अंश, धातूचे कण. दर वेळी साडेतीन लिटर ऑइल बाहेर जातं आणि त्याच्याबरोबर घाणही जाते. चार-पाच सर्व्हिसनंतर जेवढी घाण येते तेवढीच बाहेर जायला लागते. त्या स्थितीत, बदलायच्या दिवशी ऑइल जेवढं घाण असतं, ते कूलर नसलेल्या सिटीमध्ये साडेतीन लिटर ऑइल त्याच दिवशी जेवढं घाण असतं तेवढंच. कंपनीने ज्या पातळीवर इंजिन चालेल असं धरलं, त्यापेक्षा वाईट काही होत नाही.

उलट होज सोडण्यात खरा धोका आहे. ॲल्युमिनियमची फिटिंग, तिरकी बैठक, एकाच पान्याने पिळलं की होजला पीळ बसतो नाहीतर कूलरचे आटे जातात. चार बारच्या दाबाखाली ते फिटिंग सुटलं तर ऑइल लाइट लागून तुम्ही गाडी बाजूला घेईपर्यंत चेंबर रिकामं झालेलं असतं. १८ टक्के जुन्या ऑइलने इंजिन बसल्याचं मी ऐकलेलं नाही. फिटिंग सुटून बसलेली इंजिनं मात्र गॅरेजमध्ये पाहिली आहेत.

म्हणून माझी पद्धत: ऑइल पूर्ण गरम असताना चेंबर उघडायचं, नीट निथळू द्यायचं, होजला हात लावायचा नाही आणि पुढचा बदल थोडा लवकर करायचा.

टॅपेटचा_नाद

हिशोब बरोबर मांडलाय, पण तो तुमच्याच विरोधात जातो. घाट चढताना ऑइल थंड राहावं म्हणून कूलर घेतला, हे खरं. पण त्याच्याबरोबर पाऊण लिटर जास्तीचं ऑइलही मिळालं. सगळं सव्वाचार लिटर बदललं, तर तीच घाण जास्त ऑइलमध्ये विभागली जाते आणि बदलायच्या दिवशी तिचं प्रमाण कूलर नसलेल्या गाडीपेक्षा १८ टक्क्यांच्या आसपास कमी असतं. तुम्ही तो फायदा सोडून देताय आणि वर "काही बिघडत नाही" म्हणताय.

दुसरं, तुम्ही फक्त शेवटचा दिवस धरलात. पहिल्या दिवसाचं काय? नवीन ऑइल घातल्या क्षणी ते १८ टक्के जुनं आहे. म्हणजे सर्व्हिस ते सर्व्हिस सरासरी काढली, तर तुमचं इंजिन कूलर नसलेल्या सिटीपेक्षा जास्त घाण ऑइलवर चालतं.

घाटवाटेवरचा

सरासरीचा मुद्दा मान्य. पण म्हणूनच मी बदल लवकर करा म्हणतोय. ५,००० ऐवजी ४,००० किमीवर बदललं की सरासरी खाली येते, आणि त्यासाठी एकही फिटिंग सोडावं लागत नाही.

वाळवंटातला_सातारकर

मी दुबईत असतो. उन्हाळ्यात दुपारी बाहेर ४५ अंश आणि गाडी टर्बो पेट्रोल. घाण अशी सरळ बेरीज-वजाबाकीने मोजता येत नाही, हा माझा आक्षेप आहे.

ऑइल तापून जुनं होतं तेव्हा त्यात आम्लं तयार होतात, लोखंड-तांब्याचे बारीक कण मिसळलेले असतात. हे उरलेलं ऑइल नव्यात मिसळलं की नव्यातली ॲडिटिव्ह्ज पहिल्या दिवसापासून त्याच्यावर खर्च होऊ लागतात. वर तापमान. ढोबळ नियम असा की दर १० अंशांना ऑइल खराब होण्याचा वेग दुप्पट होतो. ९५ अंशांवर चालणाऱ्या तुमच्या सिटीचा हिशोब १२५ अंशांवर चालणाऱ्या गाडीला लावू नका. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ते वेगळंच. मी दर वेळी कूलर रिकामा करतो आणि करत राहणार.

मिस्त्री_कोल्हापूर

दादा, तुम्ही सगळे घाणीवर भांडताय. इंजिन बसतंय ते लेव्हलनं. हे जरा लक्ष देऊन वाचा.

कूलर रिकामा केला, होज जोडले, मग पोरगं मॅन्युअल बघून साडेतीन लिटर ओततं. गाडी चालू करतं, मिनिटभर ठेवून बंद करतं, ऑइल मोजायची पट्टी काढून बघतं. लेव्हल फुल. बिल करून गाडी देतं. आता गंमत नाही, धोका बघा. इंजिन थंड असताना सँडविच प्लेटचा थर्मोस्टॅट बंद असतो, तो ८० अंशांच्या आसपास उघडतो. तोवर कूलरकडे नुसती बारीक धार जाते. मालक गाडी घेऊन आंबोली घाटात शिरला, ऑइल तापलं, थर्मोस्टॅट उघडला आणि रिकाम्या कूलरनं पाऊण लिटर ऑइल गिळलं. पट्टीच्या दोन खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत लिटरभराचाच फरक असतो. लेव्हल खालच्या खुणेला टेकली. अशात वळणावर ऑइल चेंबरच्या एका बाजूला गेलं की पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. ऑइल लाइट नुसती लुकलुकली तरी बिग एन्डच्या (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या) बेअरिंगला मार बसलाच.

म्हणून कूलर रिकामा करणार असाल तर पूर्ण करा आणि पूर्ण भरा. होज जोडायच्या आधी कूलरमध्ये नरसाळ्यानं नवीन ऑइल भरायचं. जोडल्यावर फ्युएल पंपाचा फ्यूज काढून सेल्फ मारायचा, ऑइल लाइट विझेपर्यंत, दमादमानं. मग गाडी चालू करून ऑइल ९० च्या वर जाईस्तोवर फिरवायची, सपाट जागी लावायची, दहा मिनिटं थांबायचं आणि मग पट्टी बघायची. एवढं करायला वेळ नसेल तर कूलरला हात लावू नका. त्या बाबतीत मी घाटवाटेवरच्या भावाच्या बाजूचा.

आणि फिल्टर. सँडविच प्लेट असली की फिल्टर सोडताना मधला बोल्टही ढिला होतो, अख्खी प्लेट फिरते आणि होजला ताण येतो. फिल्टर निघाला की प्लेट हलते का ते हातानं बघायचं. जुन्या फिल्टरचा रबर प्लेटलाच चिकटून राहिलाय का, हे बोट फिरवून बघायचं. प्लेट खाली अंधारात असते, डोळ्याला दिसत नाही. रबरावर रबर बसलं तर गेटाबाहेर पडायच्या आत ऑइल रस्त्यावर.

टॅपेटचा_नाद

मिस्त्री, हे सोन्यासारखं लिहिलंत. पण हा युक्तिवाद निष्काळजी कामाविरुद्ध झाला. नीट काम करणाऱ्याने कूलर रिकामा करू नये, असं त्यातून निघत नाही.

मिस्त्री_कोल्हापूर

निघतं. कारण गाडी दर वेळी मीच करणार नाही. पुढच्या वेळी कोण करणार हे मालकाला ठाऊक नसतं.

कसारा_चढण

होज न सोडता जुनं ऑइल काढायची एक पद्धत वाचली होती. चेंबर रिकामं करून नवीन ऑइल भरायचं, कूलरचा परतीचा होज प्लेटपाशी सोडून त्याचं टोक बादलीत ठेवायचं आणि गाडी काही सेकंद चालू करायची. पंपच जुनं ऑइल ढकलून देतो. कुणी केलंय का?

घाटवाटेवरचा

एक होज तरी सुटतोच की. आणि मिस्त्रींनी वर सांगितलेलं लक्षात घ्या: इंजिन थंड असेल तर थर्मोस्टॅट बंद, कूलरकडे जेमतेम धार. जुनं ऑइल निघत नाही, उगाच इंजिन चालू राहतं. इंजिन गरम असताना करावं तर बादलीत ९०-१०० अंशांचं ऑइल उडतंय आणि चेंबरची लेव्हल सेकंदासेकंदाला उतरतेय. थर्मोस्टॅट नसलेल्या साध्या प्लेटवर हे जमेल, पण तिथेही मी करणार नाही.

कंप्रेसरची हवा मारायचाही सल्ला मिळतो. पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं असतं, ते कुठे जाणार? कूलरमध्येच.

वाळवंटातला_सातारकर

टाकीचं पाणी आधी सोडायचं आणि लाइनवर वॉटर सेपरेटर लावायचा. हवेचा दाब कमी ठेवायचा. यात अवघड काही नाही. तुम्ही प्रत्येक कामातला सगळ्यात वाईट प्रकार उचलताय आणि त्यावरून ते काम करूच नका म्हणताय.

घाटवाटेवरचा

कारण माझ्या गाडीचं काम रस्त्यावरच्या गॅरेजात होतं. वॉटर सेपरेटर असलेली जागा मला पुण्यात शोधावी लागते, आणि बहुतेकांना ती सापडत नाही. सल्ला द्यायचा तर जी व्यवस्था समोर आहे तिच्यासाठी द्यायला हवा.

निळी_नंबरप्लेट

मूळ प्रश्नच वेगळा विचारतो. रोज हिंजवडी-कोथरूड करणाऱ्या गाडीला कूलर कशाला? ऑइल १०० अंशांच्या आसपास पोचलं पाहिजे, तरच त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जातं. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांच्या ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट मलईसारखा थर दिसतो, तो याचाच. कूलर लावून तुम्ही ऑइल आणखी थंड ठेवता आणि मग घाण किती उरली यावर भांडता. काढून टाका तो कूलर. गळायच्या चार जागा कमी होतील.

घाटवाटेवरचा

थर्मोस्टॅट नसेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, आणि अशा प्लेट लावणाऱ्यांनी दिवाळीनंतर कूलरपुढे पत्रा तरी लावावा. थर्मोस्टॅट असेल तर शहरात कूलर जवळपास बाजूलाच पडलेला असतो. माझी गाडी महिन्यातून दोनदा तरी खंडाळ्याचा घाट चढते आणि संधी मिळाली की कोइंबतूरजवळच्या करी ट्रॅकवर जाते. तिथे कूलर नसताना ऑइल १३० च्या पुढे गेलेलं मी मीटरवर पाहिलंय.

टॅपेटचा_नाद

म्हणजे ट्रॅकवर जाणारी गाडी आहे! मग तर माझं मत आणखी पक्कं झालं. ट्रॅकवरून आल्यावर तरी कूलर रिकामा करा. आणि बादलीत निघालेलं ऑइल उन्हात धरून बघा. चमक दिसली तर बेअरिंग सांगतंय ते तेव्हाच कळेल. चेंबरच्या ऑइलमध्ये मोठे कण तळाशी बसतात, फिल्टर काही पकडतो. कूलरच्या अरुंद नळ्यांत काय अडकलंय ते कूलर उघडल्याशिवाय दिसत नाही.

मिस्त्री_कोल्हापूर

यात एक भर घालतो. बेअरिंग गेलं असेल तर कूलर धुऊन परत लावू नका. कितीही रॉकेल-पेट्रोल मारा, आतले कण निघत नाहीत. नवीन क्रँक, नवीन बेअरिंग, वर तोच जुना कूलर असं एका गाडीचं काम माझ्याकडं आलं होतं. दुसऱ्या गॅरेजमध्ये झालेलं. परत सगळं उघडावं लागलं. इंजिन बांधताय तर कूलर नवा, होज पण नवे. कूलरचे पैसे क्रँकपेक्षा कमी आहेत.

कसारा_चढण

काढलेल्या ऑइलचं काय करता? आमच्या गावी वाशांना, कुंपणाच्या खांबांना लावायला लोक काळं ऑइल मागून नेतात, वाळवी लागत नाही म्हणून.

वाळवंटातला_सातारकर

देऊ नका. त्यात वर म्हटलेले सगळे धातू आहेत. पावसात धुऊन जातं आणि विहिरीत उतरतं. भारतातल्या २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात येतं. डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडेच द्यायचं.

घाटवाटेवरचा

टॅपेट, ट्रॅकनंतर कूलर उघडून बघण्याचा तुमचा मुद्दा मला पटतो, कारण तिथे हेतू तपासणीचा आहे. ती मी दोन माणसं, दोन पाने आणि अख्खी दुपार हाताशी असताना घरी करेन आणि मिस्त्रींच्या पद्धतीने कूलर भरूनच जोडेन. पण पावसाळ्याआधीच्या नेहमीच्या सर्व्हिसला गॅरेजवाला होज सोडायला आला की मी नाहीच म्हणणार.

टॅपेटचा_नाद

मग निदान त्या सर्व्हिसला जुनं ऑइल प्रयोगशाळेत पाठवा. लोखंड, तांबं, शिसं किती आहे ते आकड्यांत कळेल. ४,००० किमीच्या ऑइलचा रिपोर्ट इथे टाका, मी माझ्या पूर्ण रिकाम्या केलेल्या गाडीचा टाकतो. दोन्ही गाड्या सिटी व्हीटेक आहेत, कूलरही १३ ओळींचेच.

घाटवाटेवरचा

चालेल. दोघांनी एकच ग्रेड घालू, ५डब्ल्यू-४०, म्हणजे तुलना सरळ होईल. नमुना ऑइल गरम असताना, धार सुरू झाल्यावर मधलाच घ्यायचा, पहिला गाळ नको.