लिऊ जून झी तांग आणि अपचन
"चिनी काढे म्हणजे नुसता झाडपाला, पुरावा शून्य" असं काही जण म्हणतात, ते मत अर्धंच पटतं. पोट गच्च वाटणं, दोन घासांत भरणं यासाठी चीनमध्ये लिऊ जून झी तांग हा काढा फार पूर्वीपासून देतात. त्यात जिनसेंगचं मूळ, संत्र्याची वाळवलेली साल, ज्येष्ठमध वगैरे. यातला पिनेलियाचा कंद आपल्या अळूच्याच कुळातला, कच्चा खाल्ला तर घसा धरतो, म्हणून आल्याबरोबर प्रक्रिया करूनच वापरतात. जपानमध्ये हाच काढा रिक्कुनशितो नावाने दाणेदार पुडीत मिळतो आणि चक्क सरकारी आरोग्यविम्यात बसतो!

त्यावर 2014 साली तिथे 247 रुग्णांवर, आठ आठवड्यांची, औषध नसलेल्या खोट्या पुडीशी तुलना करणारी चाचणी प्रसिद्ध झाली. एकंदर बरं वाटलं म्हणणारे खऱ्या औषधावर 33.6 टक्के, खोट्यावर 23.8. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही, पोटाच्या वरच्या भागातलं दुखणं मात्र खरोखर कमी झालं. म्हणजे गुण आहे, पण थोडका. खोट्या पुडीवरही जवळपास चौघांतल्या एकाला बरं वाटतं, तेव्हा "आमच्या काकूंना लागू पडलं" याला किती वजन द्यायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

एक मात्र आहे, ज्येष्ठमधाने पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ऑनलाइन मागवू नये.