गेलेला मेल परत घेता येतो का? तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठची: आज ऑफिसात एक मेल आला आणि मागोमाग दुसरा, 'अमुक यांना आधीचा मेल रिकॉल करायचा आहे.' मला एकदम सांगलीचं मार्केट यार्ड आठवलं. लग्नाआधी हळदीच्या एका पेढीवर हिशेबाला होते. शेजारच्या टेबलावरच्या दादांनी एका गिऱ्हाइकाचा भाव दुसऱ्यालाच पाठवला. राजापुरी हळद, क्विंटलमागे चांगलाच फरक. आउटलुकमधून रिकॉल दाबलं, परत दाबलं, परत दाबलं. पण समोरच्याचं खातं जीमेलवर! मूळ मेल तिथंच राहिला आणि वर रिकॉलच्या चिठ्ठ्या जाऊन बसल्या. दादांचा हात इतका थरथरत होता की कपातला चहा बशीत. शेठ एक अक्षर बोलले नाहीत. फोन उचलला आणि गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगून टाकलं. ते गिऱ्हाईक तुटलं नाही. तुमच्याकडे असं काही घडलंय?

माहुलीकर: ताई, आउटलुकचं रिकॉल एकाच संस्थेच्या आत चालतं, दोन्ही खाती मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंजवर, म्हणजे ऑफिसांसाठीच्या मेल-सर्व्हरवर, असतील तरच. जुन्या पद्धतीत तर समोरच्यानं वाचलेला नसेल तेव्हाच. २०२३ मध्ये क्लाउडवरचं नवं रिकॉल आलं, ते वाचलेलाही काढू शकतं, पण संस्थेच्या आतच. बाहेरच्या सर्व्हरवर मेल उतरला की तो त्यांचा झाला.

घाटमाथा: मग जीमेलमध्ये 'अनडू' येतं ते?

माहुलीकर: तेव्हा मेल गेलेलाच नसतो, जीमेलनं तेवढा वेळ धरून ठेवलेला असतो. ५, १०, २० किंवा ३० सेकंद. सगळ्यांनी आजच ३० करून ठेवा, कळकळीनं सांगतोय.

पोस्टातले काका: मी साताऱ्यात पोस्टात होतो. टपालात पडलेलं पत्रसुद्धा पाठवणाऱ्याला परत मागता यायचं, बटवडा व्हायच्या आत. अर्ज द्यायचा, फी भरायची. एक बाई आल्या होत्या, माहेरी रागाच्या भरात लिहिलेलं पत्र हवं म्हणून. पाकिटावरचा पत्ता जसाच्या तसा कागदावर लिहून घेतला, अक्षर जुळवलं. 'मु. पो.' मधला 'पो' दोन्हीकडं एकसारखा, लांब शेपटीचा. पत्र हातात दिलं तर तिथंच रडायला लागल्या. पाणी दिलं प्यायला.

साताऱ्याची सून: काका 😢 कुठलं माहेर हो?

पोस्टातले काका: कऱ्हाडकडचं. नाव नाही सांगत.

मिरज जंक्शन: भाच्याच्या नोकरीच्या अर्जाला चुकून आधारकार्डाऐवजी विजेचं बिल जोडलं गेलं. पोरगं दोन घास जेवलं नाही. मी म्हटलं, वर 'सुधारित अर्ज' लिहून लगेच दुसरा पाठव, पहिला ग्राह्य धरू नये म्हण. मुलाखतीला बोलावलं त्यांनी.

कृष्णाकाठची: छान केलंत दादा. पोराला धीर देणारं कुणीतरी लागतंच.

घाटमाथा: व्हॉट्सॲपवर तरी सगळ्यांसाठी डिलीट होतं. आधी ७ मिनिटंच मिळायची, आता दोन दिवसांहून जास्त.

साताऱ्याची सून: पण 'हा मेसेज डिलीट केला' दिसतंच ना. आमच्या जाऊबाई लगेच फोन करून विचारतात काय होतं म्हणून 😄 बाय द वे सांगलीत पाऊस कसाय? आई एकटी आहे तिकडं.

मिरज जंक्शन: काल रात्रभर होता, आता उघडलंय. कुठं राहतात आई?

साताऱ्याची सून: गावभागात. २०१९ ला घरात पाणी होतं, तेव्हापासून ढग आले की झोप लागत नाही तिला.

मिरज जंक्शन: संध्याकाळी तिकडूनच जाणार आहे, चक्कर मारून येतो. पत्ता मेसेज करा.

पेठेतला: माहुलीकर, ते ३० सेकंदांचं फोनवर कुठं सापडंना.

माहुलीकर: फोनच्या ॲपमध्ये नाही, संगणकावर जीमेल उघडा. सेटिंग, मग 'सगळी सेटिंग पाहा', पहिल्याच पानावर 'अनडू सेंड'. पार खाली जाऊन सेव्ह करायला विसरू नका.

पेठेतला: झालं! बायकोच्या खात्यातही करून टाकलं.