गृहलक्ष्मीच्या नावाची एपीके फाईल इन्स्टॉल झाली, आता काय करायचं?

प्रश्न (खानापूर):
महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘गृहलक्ष्मी’ (कर्नाटक सरकारची महिलांना पैसे देणारी योजना) नावाची एपीके, म्हणजे उघडली की ॲप इन्स्टॉल करणारी फाईल आली, तीही ओळखीच्या बाईंच्या नंबरवरून. मजकूर कन्नडमध्ये, २,००० रुपयांचा आकडा तेवढा सगळ्यांना कळला. दोघींनी ती इन्स्टॉल करून एसएमएसची परवानगी दिली. पैसे अजून गेलेले नाहीत. ॲप काढून टाकलं की झालं का?

उत्तर (टिळकवाडी):
ताई, ॲप नंतर. आधी सिम बाहेर काढा आणि वायफाय बंद करा. असलं ॲप आलेला प्रत्येक एसएमएस, ओटीपीसकट, परस्पर पुढे पाठवतं. सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला आणि तिथून बँकेला सांगून यूपीआय, नेटबँकिंग बंद करून घ्या. मग ##००२# डायल करा, म्हणजे कुणी कॉल फॉरवर्डिंग (तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवणं) लावलं असेल तर तेही रद्द होईल.

ॲपचं चिन्ह बहुतेक दिसणारच नाही. सेटिंग्जमध्ये ॲप्सची पूर्ण यादी बघा. ‘अनइन्स्टॉल’ दाबलं जात नसेल तर सेटिंग्जमध्येच त्याला दिलेली ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनची (फोनचा ताबा देणारी) परवानगी आधी काढा. बँकेचं ॲप त्याच फोनमध्ये असेल तर मी सरळ फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून टाकायला सांगेन. त्याआधी फोटो आणि नंबर तेवढे वाचवा. पिन, पासवर्ड रीसेटनंतरच बदला, नाहीतर नवेही भामट्यांच्या हाती पडतील.

उत्तर (निपाणी):
ज्यांच्या नंबरवरून फाईल आली त्या बाईंना मेसेज नको, फोन करा. त्यांचं व्हॉट्सॲप बहुधा दुसराच कोणीतरी वापरतोय. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधली अनोळखी उपकरणं लॉगआउट करून ६ अंकी टू-स्टेप पिन लावायला सांगा. ॲडमिनने फाईल सगळ्यांसाठी डिलीट करावी आणि मराठीत खुलासा टाकावा. आपल्याकडे सीमाभागात कन्नड मजकूर दिसला की तो सरकारीच वाटतो, म्हणून हे जास्त फसतं. गृहलक्ष्मीचे पैसे थेट खात्यात येतात, व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाईलची गरजच नसते.

प्रश्न (खानापूर):
आणि पैसे गेलेच तर?

उत्तर (टिळकवाडी):
लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पासबुक भरून आणायला थांबू नका; रक्कम, वेळ आणि यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर (व्यवहार ओळखण्याचा) क्रमांक हाताशी ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पटापट फिरवले जातात, मध्येच गोठवता आले तरच हाती लागतात. बँकेलाही लेखी कळवून पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कळवल्यानंतर जाणाऱ्या रकमेची जबाबदारी बँकेवर येते, तेव्हा पोचेवर वेळ लिहिलेली आहे का तेही बघा.