पाणवेलींच्या टोपल्या टिकाऊ कशा कराव्यात?

गोदाकाठ, नाशिक
नमस्कार. उन्हाळ्याच्या तोंडावर गोदावरीचे पात्र पाणवेलींनी (जलपर्णीने) भरून जाते. त्यांच्या देठांपासून टोपल्या विणण्याचा आमच्या बचत गटाचा विचार आहे; परंतु नमुन्यादाखल विणलेली परडी आठवड्याभरात सैल पडली आणि तळाला काळी बुरशी आली. देठ कसे वाळवावेत? अशा टोपलीत फळे ठेवता येतील का?

विणकाम
आपल्या देठांत ओल राहिली असावी. पाणवेलीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्यामुळे अर्धवट सुकलेला देठ विणल्यानंतरही आकसत राहतो आणि वीण ढिली पडते. दाट वाढलेल्या पाणवेलींचे लांब देठ निवडावेत. मोकळ्या पाण्यातील आखूड, फुगीर देठ विणकामाच्या उपयोगाचे नाहीत. पान व मुळे छाटून, धुऊन, देठ कडक उन्हात वाळवावेत आणि दव पडण्यापूर्वी आत घ्यावेत. विणताना ते भिजत घालू नयेत, कारण त्यांचा स्पंजासारखा गर पाणी पुन्हा शोषून घेतो. ओल्या फडक्याने पुसले तरी ते वळण्याइतके नरम होतात. पावसाळ्यात हा उद्योग न केलेलाच बरा.

रानवाट
वजन पेलण्यासाठी टोपलीच्या उभ्या काड्या घाणेरीच्या (टणटणी या रानझुडपाच्या) घ्याव्यात. कर्नाटकातील माले महादेश्वर डोंगरांतील सोलिगा आदिवासी कारागीर घाणेरीचे फर्निचर बनवतात. फांद्या उकळून साल काढली की त्या गरम असतानाच हव्या तशा वाकतात. अर्थात, बुरुडांच्या बांबूच्या कामट्यांची सफाई तिला येत नाही, हे माझे प्रांजळ मत. शिवाय नुसत्या फांद्या तोडल्याने घाणेरी हटत नाही, बुंध्यातून ती पुन्हा फुटते.

जलमित्र
फळांचा प्रश्न मागे राहिला, म्हणून लिहितो. पाणवेली पाण्यातील शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे धातू शोषून घेते. तेव्हा जिथे सांडपाणी मिसळते अशा शहरी पात्रातील देठांच्या टोपल्या कागदपत्रे, कपडे किंवा कुंड्यांसाठीच वापराव्यात आणि विकताना ग्राहकाला तसे स्पष्ट सांगावे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य असून ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरले. तेथून वनविभागाच्या परवानगीवाचून काहीही काढू नये. छाटलेली मुळे व फुले दुसऱ्या तळ्याजवळ टाकू नयेत. पाणवेलीचे बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते आणि मुळाकडचा एखादा तुकडाही नव्याने फुटतो, म्हणून हा कचरा काठापासून दूर, पूर्ण वाळवूनच खतात घालावा.