मदत हवी आहे: हेडफोनवाल्यांनो, तुमच्या घरात टिकलेले स्पीकर कोणते? (खोली १० बाय १२, अमळनेर)

नमस्कार मंडळी,

प्रश्न मुद्दाम हेडफोनवाल्यांना विचारतोय. ज्यांचं रोजचं ऐकणं हेडफोन किंवा आयईएमवर (कानात बसणाऱ्या इअरफोनवर) होतं, तरी घरात स्पीकरची एक जोडी आहे आणि ती विकायचं मनातही येत नाही, अशांनी कृपया लिहा. निव्वळ स्पीकरवाल्यांचे सल्ले भरपूर वाचून झाले. त्यांचं खोटं नसतं, पण त्यांनी मोठी खोली, मोठा आवाज आणि पोटात जाणवणारा बास गृहीत धरलेला असतो. आपल्याला हलक्या आवाजातही तानपुऱ्याची जवारी, गवयाचा श्वास, ओळ संपताना सोडलेला स्वर ऐकायची सवय लागलेली असते. ती सवय सांभाळणारा स्पीकर मला हवाय.

माझ्याकडे सेनहायझर एचडी ६५० हा हेडफोन आहे आणि तो राहणारच. ऐकतो मुख्यतः ख्याल आणि जुनी नाट्यपदं. स्पीकर हवेत ते अण्णांसाठी, म्हणजे वडिलांसाठी, आणि आम्हा दोघांना एकत्र ऐकता यावं म्हणून. अण्णांचं म्हणणं साधं आहे: "कानले लाईसन एकलाच काय बठस, माले बी ऐकू दे." हेडफोन त्यांना लावून दिला तर थोड्या वेळात काढून ठेवतात. गवई डोक्यात शिरून गातो, समोर बसत नाही, ही त्यांची तक्रार. ती अगदी बरोबर आहे. स्पीकरवर डावीकडचा आवाज उजव्या कानालाही जातो, साधारण पाव मिलिसेकंद उशिरा आणि डोक्याच्या आडोशामुळे जरा दबून. त्या फरकावरून मेंदू गवयाला समोर बसवतो. हेडफोनमध्ये हे घडतच नाही. जुनी मोनो रेकॉर्डिंग्ज तर दोन्ही कानांना तंतोतंत सारखी मिळतात आणि टाळूच्या आसपास कुठेतरी वाजतात. क्रॉसफीडने (एका बाजूचा थोडा आवाज दुसऱ्या कानात मिसळण्याने) थोडा फरक पडतो, पण गवई कपाळाच्या पुढे काही येत नाही.

आता खोली. "खोलीवर अवलंबून आहे" एवढंच उत्तर येऊ नये म्हणून सगळं लिहितो. १० फूट बाय १२ फूट, उंची १० फूट, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. एक खिडकी, एक दार, आणि कोपऱ्यात लोखंडी कपाट. एक भिंत शेजाऱ्यांची सामाईक आहे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर १२ फुटांच्या लांबीत पहिला घुमण्याचा स्वर ४७ हर्ट्झला येतो आणि १० फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झला. उंचीही १० फूटच, म्हणजे तीही ५६ लाच घुमते. दोन बाजू एकाच ठिकाणी जोर लावतात, हे या खोलीचं मोठं दुखणं. लांबीची दुप्पट ९४ हर्ट्झला येते, आणि तबल्याचा डग्गा नेमका त्याच भागात बोलतो.

धुळ्याच्या एका मित्राची पाच इंची अ‍ॅक्टिव्ह मॉनिटरची (अ‍ॅम्प आतच असलेल्या स्पीकरची) जोडी काही दिवसांसाठी आणली होती. पहिल्यांदा भिंतीला चिकटून टेबलावर ठेवली. गवई खरोखरच समोर आला आणि अण्णा खुर्ची ओढून पुढे बसले. पण विलंबित एकतालात डग्ग्यावर घुमारा आला की कपाटाचं दार झणझणायचं. कपाटाच्या कडीत कापडाची चिंधी अडकवली तेव्हा ते थांबलं, पण डग्गा फुगलेलाच राहिला. मग स्टूल घेऊन स्पीकर पुढे सरकवले, स्पीकरचा चेहरा भिंतीपासून दोन फुटांवर येईल असे. डग्गा आवरला. पण आता गवयाचा सा पातळ झाला. गवई काळी एकमध्ये (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणारा, रेकॉर्डिंग तेच, आवाजाची पातळी तीच. मी म्हणालो भास असेल. अण्णांनी मात्र दोनदा सांगितलं की मध्यमावर आला की भरीव वाटतो आणि सा वर आला की पोकळ. हे का होतं ते कुणी सांगेल का?

माझा हिशोब असा: काळी एकचा सा १३८ हर्ट्झच्या आसपास, त्या तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९ ला. म्हणजे ६० हर्ट्झपर्यंत नीट उतरणारा स्पीकर आमच्या ऐकण्याला पुरतो. सबवूफर (फक्त बाससाठीचा वेगळा स्पीकर) नको. उलट ५६ ची घुमण पाहता या खोलीत तो आणूच नये असं माझं ठाम मत आहे.

वॉटचाही प्रश्न वाटत नाही. बसायची जागा पाच फुटांवर. ८५ डेसिबल संवेदनशीलतेची (एका वॉटवर एक मीटरवर मिळणारा आवाज) जोडी तिथे एकेका वॉटवर ८४ च्या जवळपास देते. आम्ही सरासरी ७५ च्या वर ऐकत नाही. तिहाईचे जोरकस ठोके धरले तरी दहा वॉटच्या आत काम होतं.

नावांबद्दल. हेडफोनवाल्यांच्या बोलण्यात केईएफ एलएस५० आणि नंतरचा एलएस५० मेटा सतत येतो, आणि मला त्यामागचं कारण पटतं. २०१२ साली केईएफने आपल्या पन्नाशीनिमित्त एलएस५० काढला तेव्हा डोळ्यासमोर बीबीसीचा एलएस३/५ए होता. तो मूळचा बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत, दाटीवाटीच्या जागेत, बोलणं तपासायला बनवलेला, आणि त्यातले ड्रायव्हर (आवाज काढणारे कोन) केईएफचेच. माणसाचा आवाज आणि छोटी जागा, म्हणजे आमचीच गरज. शिवाय एलएस५० मध्ये ट्वीटर (वरच्या स्वरांचा ड्रायव्हर) वूफरच्या (खालच्या स्वरांच्या ड्रायव्हरच्या) मध्यभागी असल्यामुळे पाच फुटांवरही आवाज एकाच बिंदूतून आल्यासारखा वाटतो. दुसरी नावं जेनेलेक ८०३० आणि नॉयमन केएच १२०. नॉयमन १९९१ पासून सेनहायझरच्याच घरातली, त्यामुळे एचडी ६५० वाल्यांचा ओढा तिकडे असणं साहजिक आहे. पण हे सगळं माझ्या आवाक्याबाहेर. अ‍ॅम्पसकट ५०,००० च्या आत बसायचं आहे.

त्यात चार नावं उरतात: केईएफ क्यू१५० (ड्रायव्हरची रचना एलएस५० सारखीच), एलॅक डेब्यू बी५.२, व्हार्फडेल डायमंडमधली लहान जोडी आणि क्यू अकूस्टिक्स ३०२०आय. किंवा मग मित्राकडच्यासारखे अ‍ॅक्टिव्ह मॉनिटर, म्हणजे वेगळा अ‍ॅम्प नको.

अ‍ॅक्टिव्हबद्दल माझी खरी शंका उन्हाळ्याची आहे. इकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो आणि स्लॅबची खोली रात्री अकरालाही तापलेली असते. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये चालवण्याचं कमाल तापमान ३५ किंवा ४० दिलेलं असतं. त्यात व्होल्टेज वरखाली. पॅसिव्ह स्पीकरचा अ‍ॅम्प गेला तर अ‍ॅम्प बदलता येतो आणि गावातला मेकॅनिकही उघडून बघतो. अ‍ॅक्टिव्ह बिघडला तर अख्खा डबा मुंबईला पाठवा. नागपूर, अकोला, जळगाव, भुसावळ इकडच्या मंडळींनी अ‍ॅक्टिव्ह वापरले असतील तर उन्हाळ्यात कसे चालले ते जरूर लिहा. ऐकून बघायचं तर पुणे-मुंबई गाठावी लागते, अण्णांना तेवढा प्रवास झेपत नाही. म्हणून तुमच्या कानांवर भिस्त आहे.

प्रतिसाद, पुण्याहून (मूळचा चाळीसगावचा)

भाऊ, अण्णांचा कान पक्का आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. सा पोकळ होतोय तो भास नाही. स्पीकरमधून खालचे स्वर मागेही जातात, भिंतीवर आपटून परत येतात. स्पीकरचा चेहरा भिंतीपासून जेवढा लांब त्याच्या चौपट ज्या स्वराची तरंगलांबी, तो स्वर परत येताना नेमका उलटा होऊन मूळ आवाजाला खातो. दोन फुटांना हिशोब करा: १४० हर्ट्झ. तुमच्या गवयाचा सा १३८. मध्यम त्याच्या बराच वर, १८५ च्या आसपास, म्हणून तो वाचला.

मागे ओढा. चेहरा भिंतीपासून सव्वा फुटावर आला की खड्डा २२५ च्या आसपास जातो आणि तिथे मागच्या भिंतीवर जाड काही लावून तो बराच भरता येतो. १४० ला ते जमत नाही, तेवढी जाडी घरात मावत नाही. भिंतीजवळ आणल्यावर डग्गा परत फुगेल, तो इक्वलायझरने खाली घ्या. फुगवटा कापता येतो, खड्डा भरता येत नाही. आरईडब्ल्यू हे खोलीतला आवाज मोजणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, एखादा मोजमापाचा माइक कुणाकडून मिळाला तर घ्या. आणि पोर्ट (स्पीकरच्या डब्याचं बाससाठीचं भोक) पुढे आहे की मागे याने या बाबतीत फारसा फरक पडत नाही, त्यावरून निवड करू नका.

माझं रोजचं ऐकणं एचडी ६०० वर. स्पीकर क्यू१५०. विकणार नाही.

प्रतिसाद, भुसावळहून

दादा, मी अ‍ॅक्टिव्ह वापरतो. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गरमीत लवकर म्हातारे होतात, दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे. म्हणून वापर झाला की मागचं बटण बंद करायचं, स्टँडबायवर सोडायचे नाहीत. एवढी शिस्त असेल तर घ्यायला हरकत नाही. पण एक गोष्ट हेडफोनवाल्याला नक्की खटकेल: स्वस्त अ‍ॅक्टिव्ह मॉनिटरच्या ट्वीटरमधून जवळ बसलं की हिस्स ऐकू येते. तानपुरा सुरू व्हायच्या आधीची शांतता एचडी ६५० वर जशी मिळते तशी मिळणार नाही. आणि एप्रिल ते जून कूलर चालू असतोच, तेव्हा कुठल्याच स्पीकरवर बारीक तपशील ऐकू येत नाही. पहाटेची वेळ ठेवा. कूलरची ओली हवा थेट स्पीकरच्या कागदी कोनावर येणार नाही एवढं बघा.

प्रतिसाद, धुळ्याहून

भिंतीवर लावायला महागडे फोमचे तुकडे घेऊ नका. आपल्याकडे कापूस आहे ना. सुताराकडून दोन बाय चार फुटांच्या चौकटी करून घ्या, चार इंच खोल, आणि गादी भरणाऱ्याकडून पिंजलेला कापूस सैलसर भरून वर सुती कापड ताणा. दाबून ठासला तर काम कमी करतो. मागच्या भिंतीवर दोन, आणि बाजूच्या भिंतीवर जिथे आरसा धरल्यावर खुर्चीतून स्पीकर दिसतो तिथे एकेक. ९४ च्या डग्ग्याला याचा उपयोग नाही, पण शहाबादीवरून आणि चुन्याच्या भिंतीवरून येणारी कर्कश चमक जाते. कापूस पेट घेतो, प्लग-बोर्डापासून हातभर लांब ठेवा. उंदरांचंही बघा.

धागाकर्ता

चाळीसगावचे दादा, तुमचं उत्तर अण्णांना वाचून दाखवलं. मित्राची जोडी परत द्यायच्या आत सव्वा फुटावर ठेवून पाहिली आणि फोनच्या इक्वलायझरमध्ये ९४ चा भाग सहा डेसिबल खाली घेतला. सा भरला. कपाटाच्या कडीतली चिंधी काढून पाहिली, तरी दार गप्प राहिलं. अण्णांनी तोच ख्याल पुन्हा लावायला सांगितला.

भुसावळच्या दादांनी सांगितलेली हिस्स मला या जोडीवरही येत होती, तेव्हा अ‍ॅक्टिव्हचा विचार सोडतोय. कापसाच्या चौकटी नक्की, सुताराशी बोललो आहे. आता प्रश्न क्यू१५० की बी५.२ एवढाच उरला. केईएफकडे मन ओढतं, पण एक शंका आहे. अण्णा खुर्चीत बसतात आणि मी खाली सतरंजीवर, म्हणजे दोघांचे कान वेगवेगळ्या उंचीवर. ट्वीटर वूफरच्या पोटात असल्यामुळे केईएफला उंचीचा फरक कमी जाणवायला हवा, आणि एलॅकमध्ये ट्वीटर वर, वूफर खाली असल्यामुळे जास्त. ज्यांनी दोन्ही, किंवा दोन्हींपैकी एक, असं खाली बसून ऐकलं असेल त्यांनी कृपया सांगा. आणि ज्यांच्याकडे क्यू१५० आहे त्यांनी कुठला छोटा क्लास डी अ‍ॅम्प लावलाय, तो मे महिन्यात किती तापतो, तेही लिहा. दिवाळीच्या आत ऑर्डर टाकायची आहे.