मदत हवी आहे: पिकअपमधून कुत्र्याला कऱ्हाडहून गुहागरला न्यायचंय

मंडळी, पुढच्या महिन्यात घरचं सामान बोलेरो पिकअपमधून गुहागरला हलवतोय. सोबत आमचा वाघ्या, पंचवीसेक किलोचा गावठी कुत्रा. रस्ता पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असा. घाटातली वळणं आठवली की जीव थोडा थोडा होतो.

केबिनमध्ये ड्रायव्हर, मी आणि आई, जागा संपली. गाडीवाला म्हणतो, हौद्यात साखळीने बांधा, सगळे तसंच नेतात. मला ते मुळीच पटत नाही. गळपट्ट्याला बांधलेला कुत्रा फाळक्यावरून उडी मारून लटकला तर फास बसतो, आणि मोकळा सोडला तर करकचून ब्रेक लागताच बाहेर फेकला जाईल. उन्हात हौद्याचा पत्रा इतका तापतो की पंजे भाजतात. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे ताडपत्री सगळीकडून बंद करूनही चालणार नाही.

माझा विचार असा: हवेशीर पिंजरा केबिनच्या पाठीला टेकवून पट्ट्यांनी घट्ट आवळायचा, खाली रबरी मॅट आणि गोणपाट, आणि पहाटेच निघायचं. पण सामान पिंजऱ्यावर कलंडू नये म्हणून कसं रचावं? उभं राहून वळता येईल एवढा पिंजरा घ्यावा, की घाटात जरा लहानच बरा? कऱ्हाड-चिपळूणकडे भाड्याने मिळतो का? गाडी लागू नये म्हणून निघण्याआधी किती तास खायला देत नाही तुम्ही? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण ज्यांनी घाटातून कुत्रा नेलाय त्यांचं ऐकायचंय.

की आईला एसटीने पाठवून वाघ्याला हार्नेस घालून केबिनमध्येच माझ्या पायाशी बसवू?