मदत हवी आहे : बोट्विनिक भारी की सरकारी जावई?

मंडळी, बाबांशी आठवडाभर वाद चाललाय. १९४८ च्या बुद्धिबळ विश्वविजेतेपद स्पर्धेत एस्टोनियाचा (तेव्हा सोव्हिएत संघात) केरेस सोव्हिएत खेळाडू बोट्विनिकशी सलग चार डाव हरला आणि पाचवा जिंकला, तोही विजेता ठरून गेल्यावर! बाबा म्हणतात, केरेसवर वरून, म्हणजे सोव्हिएत सरकारकडून, दबाव होता. मी वहीत गणित मांडलं : ते चार डाव बरोबरीत सुटते तर केरेसचे १२.५ गुण, बोट्विनिकचे १२. झोपच उडाली.

पण मग १९६१ मध्ये, पन्नाशीला टेकलेला असताना, बोट्विनिकने तेव्हाच्या विश्वविजेत्या तालला १३-८ असं धुतलं ते कसं? (हरलेल्या विश्वविजेत्याला परतीच्या सामन्याचा हक्क होता म्हणून संधी मिळाली, हे मान्य.)

कुणी केरेस-बोट्विनिकचे ते चार डाव इंजिनवर (बुद्धिबळाच्या संगणक-प्रोग्रॅमवर) तपासलेत का? केरेसच्या नेमक्या कुठल्या खेळ्या संशयास्पद वाटतात?